सीनाला दिलेले लाडू

१० जानेवारी, शनिवार
आले एकदाचे. विमान उशिरा, तोवर मी पाटी धरून उभी. पाटीवर त्यांच्या देशाचं नाव. येणारा-जाणारा वाचायचा आणि विचारायचा, "ये कहाँ है जी?" मला तरी कुठे माहीत होतं. शाळेच्या पृथ्वीगोलावर नाही. फोनवरच्या नकाशात आहे, पण बोटांनी ताणत ताणत जावं लागतं, मग निळ्या पाण्यात चार ठिपके दिसतात. नावाला अजून जीभ वळत नाही. इथे नुसतं 'बेट' लिहीन.

युवा स्पर्धांसाठी प्रिं. बाईंनी आम्हा शिक्षिकांना एकेका देशाच्या संघाबरोबर सोबतीला लावलंय. मी भूगोल शिकवते, म्हणून मला सगळ्यात अवघड देश. हे सकाळपासून मला 'राजदूत' म्हणतायत. चहा मागतानाही, "राजदूत, अर्धा कप."

संघ म्हणजे सहा पोरं आणि एक टोमा. टोमा हा धिप्पाड माणूस. तिकडे त्याच पोरांच्या शाळेचा हेडमास्तर, इथे व्यवस्थापक, प्रशिक्षक, डॉक्टर, सगळं तोच. जयपूरची जानेवारीतली थंडी आणि पोरांच्या पायात रबरी चपला! दात वाजत होते सगळ्यांचे. त्यांच्याकडे थंडी हा प्रकारच नाही म्हणे.

घरातल्या दोन रजया, शेजारच्या शर्माभाभींच्या तीन, आणखी दोन वरच्या मजल्यावरून. त्यांचं हॉस्टेल इथेच प्रताप नगरात आहे, ते एक बरं झालं.

११ जानेवारी, रविवार
टोमा इस्त्री करत बसला होता. मला वाटलं शर्ट. बघते तर झेंडा. लहान देशांचे झेंडे ऐन वेळी सापडत नाहीत, म्हणून तो स्वतःचा घेऊन फिरतो.

मी विचारून बसले, "पदकासाठी कधी वर गेलाय का हो?" जीभ चावली, पण उशीर झाला होता. माझं हे नेहमीचंच.

"उद्घाटनाला जातो," तो म्हणाला. "पदकासाठी एकदाही नाही." मग हनुवटीने कोपऱ्यातल्या मुलीकडे खूण केली. "या वेळी ही आहे."

ही म्हणजे सीना. सतरा वर्षांची. वजनं उचलते. तिकडे बंदराजवळ पत्र्याची शेड आहे, तिथे टोमाने जमवलेली लोखंडी वजनं, त्यावर शिकली. अंगाने फार मोठी नाही. पण मी सहज दंडाला हात लावला तर अण्णांच्या तालमीतले पैलवान आठवले.

१२ जानेवारी, सोमवार
उद्घाटन झालं. सहा पोरं, पुढे टोमा, मैदानाला फेरी मारायला त्यांना वेळच लागला नाही. निवेदकाने नाव चुकीचं उच्चारलं. मी चिडले. (मला तरी कुठे येतंय?)

पण खरी काळजी वेगळीच. सीना जेवत नाही. भोजनगृहात सगळ्यात लाल तिखट नाहीतर मसाला. दुसऱ्या बाजूला पास्ता, तो थंडगार. भात दोन घास खाते आणि ताट सरकवते. रात्री झोपही नाही, थंडीने. तिच्या गटाची मर्यादा अठ्ठावन्न किलो. बाकीच्या पोरी उपाशी राहून वजन उतरवतायत आणि ही छप्पन्नवर आलीय. टोमा म्हणाला, घरी होती तेव्हा पुरती अठ्ठावन्न होती. अंगातली ताकद अशीच गळत राहिली तर रविवारी काय उचलणार?

रविवारी तिची स्पर्धा. बाकी पाचही जणांचं त्याआधी उरकेल.

मी जाता-येता विचारते, "जेवलीस का?" मराठीतच. तोंडातून तेच येतं. तर आता सगळी पोरं मला बघितलं की ओरडतात, "जेवलीस का?" पोहणारा मुलगा तर टोमालाही तेच विचारतो.

१३ जानेवारी, मंगळवार
ठरवलं. लाडू करायचे.

अण्णा मिरजेकडच्या आमच्या गावच्या तालमीत होते. कुस्ती जवळ आली की आई त्यांच्यासाठी डिंकाचे लाडू वळायची. खारीक, सुकं खोबरं, बदाम, डिंक, गूळ, आणि खसखस इतर लोक घालतात त्याच्या दुप्पट. खसखशीने झोप लागते आणि झोप लागली की अंग भरतं, हे अण्णांचं शास्त्र. मलाही बाळंतपणात तेच दिले होते. तेव्हाचं माझं अंग अजून उतरलेलं नाही.

शाळा सुटल्यावर चारदीवारीत, जुन्या शहरात गेले. ई-रिक्षाने अर्ध्या वाटेवर सोडलं, पुढे पतंग-मांज्याच्या गर्दीतून चालत. दुकानदाराने खसखस तळहातावर घेऊन दाखवली. "चित्तौड़ की है मैडम जी. बिना धुली, असली माल. आपके बंबई में ऐसी नहीं मिलेगी." मी म्हटलं, बंबई नाही भैया, मिरज. त्याला काय फरक पडतोय. पण खसखस खरंच सुरेख. करडी, टपोरी, वासाची. भरपूर घेतली.

संध्याकाळभर भाजणं, कुटणं, वळणं. हे आल्या आल्या दोन उचलून पळाले.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत
सकाळी डबा घेऊन हॉस्टेलला. गच्चीवर सगळे पतंग बघत उभे. आकाशात जागा नव्हती. टोमाने मांजा धरला आणि बोट कापून घेतलं, एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा बोट चोखत उभा.

सीनाने लाडू हातात घेतला, वास घेतला, एक कण जिभेवर ठेवला. मग म्हणाली, "नारळ!"

आणि डोळे मिटून खाल्ला तिने. जयपुरात आल्यापासून ओळखीची ही पहिलीच चव. त्यांच्याकडे जेवणात, तेलात, खेळात, सगळीकडे नारळ. तीन लाडू खाल्ले. मी बघत राहिले. स्वतःच्या लेकीने खाल्लं तरी इतकं समाधान झालं नसतं. लेक पुण्यात बसून सॅलड खाते.

बाकीच्यांनी एकेक घेतला, नाकं मुरडली, गोड फार म्हणाले. डबा सीनाच्या खोलीत ठेवला. "रोज सकाळी दोन, झोपताना एक," मी डॉक्टरच्या थाटात सांगून आले. टोमाने वाकून आभार मानले.

तिळगूळ द्यायचा राहिलाच.

१५ जानेवारी, गुरुवार
पोहणारा मुलगा शेवटचा आला. पण त्याच्या देशातला आजवरचा सगळ्यात जलद तोच. पाचही जणांनी काठावर असा नाच केला की जिंकणाऱ्या देशाचे लोक बघायला लागले. माझ्या मागे दुसऱ्या संघाच्या सोबतीची एक तरुण मुलगी म्हणाली, "छह लोग लेकर आते ही क्यों हैं ये?" मी वळून म्हटलं, "तुम्हारे साठ आए हैं, सबको मिल गया क्या?"

सीना काल गाढ झोपली. सलग. सराव बघायला थांबले. बार खाली टाकला की जमीन हादरते. टोमा माझ्याकडे बघून हसला आणि पोटावर हात फिरवला, मतलब लाडू! वजन वाढतंय.

मी ह्यांना सांगितलं, पदक आलं तर अर्धं माझं. हे म्हणाले, अर्धं तुझ्या वडिलांचं.

१६ जानेवारी, शुक्रवार
दोन ओळी लिहून खोडल्या. अक्षर बघ.

दु. हॉस्टेलच्या वैद्यकीय खोलीत टोमाच्या बोटाची पट्टी बदलायला गेलो होतो. डॉक्टर मिलिटरीचे, इथल्याच छावणीतले, स्पर्धेपुरते इथे बसतात. माझा फोन वाजला, मी मराठीत बोलले, तर त्यांचा चेहराच उजळला. "काकू, तुम्ही कुठल्या?" निंबाळकर, फलटणकडचे. तिशीतला मुलगा. टोमा पट्टी करून पोरांकडे गेला. मी मागे राहिले, बोलत. पिशवीत सीनासाठी आणलेला नवा डबा होता. म्हटलं, घ्या एक, घरचा आहे.

खाल्ला. "वा काकू! आईची आठवण आली. खसखस सढळ हाताने घातलीय तुम्ही."

मग चावायचे थांबले.

"हे खेळाडूंना देत नाही ना?"

मी म्हटलं, देते की. सीनाला. रोज.

त्यांनी उठून दार लोटलं. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी, काकू. बियांत नशा नसते, पण बोंडाचा चीक लागलेला असतो. न धुतलेली असेल तर जास्त. लघवीच्या तपासणीत मॉर्फिन दिसू शकतं. आणि ते स्पर्धेच्या दिवशी अंगात चालत नाही. पदक मिळवणाऱ्यांची तपासणी हमखास होते.

"दिसेलच असं नाही," ते म्हणाले. "साध्या खाण्याने कुणी अडकू नये म्हणून मर्यादा बरीच वर ठेवलीय. आता थांबवलं तर बहुतेक उतरेल. पण किती खाल्ले, खसखस कुठली, त्यावर आहे. मी खात्री देऊ शकत नाही."

आणि दिसलं तर? पदक जातं. मुलीवर बंदी. वेटलिफ्टिंगमध्ये तर फारच कडक, एवढ्याशा देशाचं नाव एकदा त्यात आलं की पुढची पोरंही अडकतात. "त्यांच्या कोचला लगेच सांगा काकू. मी सांगू का?" मी म्हटलं, नको, मी सांगते.

भरलेला डबा तसाच घेऊन घरी आले.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे आयुष्यभर विम्याचे दावे तपासत आलेत. चष्मा काढून म्हणाले, "आत्ता फोन कर. आमच्याकडे आधी सांगितलेलं असलं की माणसाला भांडता तरी येतं. लपवलेलं सापडलं की संपलं."

मी म्हटलं, फोनवर असलं कसं सांगायचं? ती आत्ता कुठे झोपायला लागलीय. सकाळी तोंडाने सांगते.

हे म्हणाले, "सकाळ तुझ्या सोयीची आहे की तिच्या?"

मी भांडले. फोन नाही केला.

१७ जानेवारी, शनिवार
सकाळी उजाडताच गेले. टोमा भोजनगृहाबाहेर उन्हात उभा होता. सगळं सांगितलं. काल दुपारी कळलं हेही सांगितलं. मोठी माणसं ओरडली तर बरं वाटतं, तो नुसता खाली बघत राहिला. मग आम्ही दोघं तिच्या खोलीकडे जवळजवळ धावत गेलो.

सीना खाटेवर बसून डब्यातला शेवटचा लाडू खात होती. सकाळचे दोन. मीच सांगितले होते दोन. एक पोटात गेला होता आणि दुसरा अर्धा.

काल फोन केला असता तर. एवढंच. दुसरं काही नाही. एका फोनचं काम होतं आणि मी भांडत बसले.

टोमाने त्यांच्या भाषेत सांगितलं. ती ऐकता ऐकता उरलेल्या अर्ध्या लाडवाकडे बघत होती. तो डब्यात ठेवला, झाकण लावलं, डबा माझ्या हातात दिला. मग इंग्रजीत विचारलं, "तुम्हाला काल माहीत होतं?"

मी हो म्हटलं.

"मी रात्रीही एक खाल्ला," ती म्हणाली. त्यानंतर माझ्याशी बोलली नाही.

निंबाळकरांना बोलावलं. ते म्हणाले, जास्त पाणी पिऊन काही होत नाही, नमुना पातळ आला तर पुन्हा घेतात. तपासणीच्या वेळी काय खाल्लं ते स्वतःहून सांगायचं. उरलेले लाडू आणि खसखस जपून ठेवायची. उतरायचं की नाही हे मात्र कुणी दुसरं ठरवू शकत नाही.

टोमा म्हणाला, आजारी म्हणून नाव काढता येईल. कुणाला काही कळणार नाही. पुढच्या वेळी बघू. सीना उठून खिडकीशी गेली. मग म्हणाली, "पुढच्या वेळी मी वयात बसणार नाही. मी काही चोरलेलं नाही. मी उचलणार."

घरी येऊन स्वयंपाकघरात रडले. कांदा चिरत होते असं ह्यांना सांगितलं. कांदा नव्हताच.

१८ जानेवारी, रविवार
मी जाणार नव्हते. टोमाचा फोन आला, "झेंडा वर नेणाऱ्यांना आमचा झेंडा ओळखू येत नाही. सरळ कुठली बाजू ते तुम्ही दाखवा." गेले.

स्नॅच म्हणजे एका दमात जमिनीवरून डोक्यावर. पहिला प्रयत्न जमला. दुसरा मागे पडला, धडाम्. तिसऱ्याला टोमा तिच्या कानात काहीतरी पुटपुटला, बार वर गेला. पाचव्या जागी. मग दुसरा प्रकार, आधी खांद्यावर आणि तिथून वर. एकेक पोरगी कमी होत गेली. देवाला काय मागावं ते कळेना. हरू दे म्हणावं तर हरली की तपासणी नाही, वाचली. जिंकू दे म्हणावं तर... मी दोन्ही मागितलं. असला नवस कुणी केला नसेल.

शेवटचा प्रयत्न. तिसऱ्या जागेसाठी तिला आजवर कधी न उचललेलं वजन मागावं लागलं. आली. हातांना पांढरी पूड. बारकडे बघितलं, मग एकदा वर, प्रेक्षकांत. मला शोधत होती की नाही माहीत नाही. खांद्यावर घेतलं. पाय लटपटले. मी उभी राहून ओरडले, "उचल गं बाई!" तालमीत ओरडतात तसं, पूर्ण हॉल वळून बघेल असं. वर गेलं. हात सरळ. पंचांचे तीनही पांढरे दिवे लागले.

ब्राँझ.

पोरं एकमेकांच्या अंगावर कोसळली. टोमा खुर्चीवर बसला, उठलाच नाही. मी मागे जाऊन झेंडा वर नेणाऱ्या जवानांना तो सरळ धरून दाखवला, तारे वर, लाटा खाली. तो वर गेला. गाणं दुसऱ्या देशाचं वाजत होतं, पण टोमाचे ओठ हलत होते. एवढ्या इस्त्रीनंतरही मध्ये एक घडी राहिलेली दिसत होती. मी खूप रडले. आनंदाने आणि भीतीने, वेगळं करता येत नव्हतं.

सीना चौथऱ्यावरून उतरली तर निळ्या जाकिटातली बाई तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. तपासणीची. आता नमुना देईपर्यंत ती बाई तिला नजरेआड होऊ देणार नाही. दोघी चालत गेल्या. पदक गळ्यात तसंच.

टोमाने सांगितलं, तिथे तिने सगळं सांगितलं. लाडू हा शब्द त्यांना लिहिता येईना, तिने लिहून दिला. अहवालाला महिना तरी.

१९ जानेवारी, सोमवार
निघाले. बेटावर शाळांना सुटी दिलीय. त्यांच्या पंतप्रधानांनी सीनाला फोन केला. (हे म्हणाले, तिथे पंतप्रधान बहुतेक तिचा चुलता लागत असेल. खरंच लागतो, लांबचा.) टोमाने तिकडे कुणालाच लाडवांचं सांगितलेलं नाही. "लोक धक्क्यावर नाचायला येणार," तो म्हणाला. "नाचू देत आधी."

मी खोबऱ्याच्या वड्या केल्या होत्या. खोबरं, साखर, बस. वेलदोडासुद्धा नाही. विमानतळावर डबा उघडला. पोरांचे हात पुढे आले, तर टोमाने आधी एक वडी उचलली, मोडली, आणि आत बघितलं.

मला कुणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. त्यालाही कळलं, कानापर्यंत लाल झाला. "सॉरी, मॅडमजी." अर्धी वडी खिशात ठेवली, अर्धी तोंडात टाकली. चांगला माणूस आहे. त्याच्या जागी मीही मोडून बघितली असती.

पोहणाऱ्या मुलाने आत जाताना ओरडून विचारलं, "जेवलीस का?" सगळे हसले. सीनाने मागे बघितलं नाही. तिच्या खांद्यावर माझी रजई होती मात्र. शर्माभाभींची नव्हे, माझीच, बगरू गावच्या छापील ठशांची. तेवढं बघून घरी आले.

२८ जानेवारी, बुधवार
टोमाने फोटो पाठवला. धक्का माणसांनी भरलेला. उघडा ट्रक, त्यावर सीना, गळ्यात पदक, गळाभर फुलं. म्हाताऱ्या बायका ट्रकला हात लावतायत. खाली त्याने लिहिलंय, अजून काही नाही. मी लिहिलं, काही नाही म्हणजे चांगलंच ना?

शाळेत भूगोलाच्या तासाला नववीच्या वर्गाला नकाशात बेट शोधायला लावलं. सापडलं. आता नावही मला बिनचूक येतं.

४ फेब्रुवारी, बुधवार
इथल्या मराठी मंडळींचं हळदीकुंकू. बँकेतल्या जोशीबाई म्हणाल्या, "मेधाताई, तुमचे डिंकाचे लाडू नाहीत यंदा?" मी म्हटलं, डिंक चांगला मिळाला नाही. सहज खोटं बोलले, चेहराही हलला नाही.

उरलेली खसखस फ्रीजरमध्ये आहे, जुन्या आइस्क्रीमच्या डब्यात, शेजारी उरलेल्या लाडवांचा डबा, त्यात तो सीनाचा अर्धा लाडू. टाकता येत नाही आणि वापरता येत नाही. मटार काढायला उघडलं की दिसतो.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
आलं.

टोमाचा संदेश सकाळी. नमुन्यात मॉर्फिन सापडलं. मर्यादेच्या थोडंसं वर. थोडंसं. त्याच नमुन्याच्या दुसऱ्या बाटलीची तपासणीही मागितली होती, तीही तशीच. सुनावणी होणार. तोवर सीनाला सराव बंद, शेडमध्येसुद्धा पाऊल टाकायचं नाही. पदक टोमाने शाळेच्या कपाटात ठेवलंय. तिकडे आता सगळ्यांना कळलंय. ट्रकला हात लावणाऱ्या बायका आता तिच्या आईला वाटेत विचारतात, खरं का गं?

निंबाळकरांना फोन केला. ते म्हणाले, "खाण्यातून आलं हे सिद्ध झालं तर सुटू शकते काकू. अशी प्रकरणं झालीत. पण सिद्ध तुम्हालाच करावं लागेल. तिने स्वतःहून आधी सांगितलं, ते चांगलं आहे."

'मी म्हटलं होतं' असं ह्यांनी एकदाही म्हटलेलं नाही, आजवर. म्हणायला हवं होतं.

२ मार्च, सोमवार
गेले दहा-बारा दिवस हे आणि मी कागदांमागे. शेवटी आयुष्यभराची दावे तपासण्याची सवय कामी आली. कृती लिहून काढली, कशात किती. खसखस, उरलेले लाडू आणि तो अर्धा, सगळं बर्फात घालून सुनावणीवाल्यांनी सांगितलेल्या प्रयोगशाळेत पाठवलं. निंबाळकरांचं निवेदन. आणि त्या दुकानदाराकडे पुन्हा गेले. तो घाबरला, "मैंने तो मसाला बेचा है मैडम जी, मेरा क्या कसूर?" त्याचं काही चुकलेलं नाही. मी म्हटलं, भैया, तुम्ही फक्त सांगा की धुतलेली नव्हती. सही द्यायला तयार झाला. वर चहा पाजला.

प्रिं. बाईंनी हळूच विचारलं, शाळेचं नाव यायलाच हवं का? मी म्हटलं, शाळेने लाडू वळले नव्हते. मी वळले.

सीनाला मी तीन संदेश पाठवले आजपर्यंत. वाचल्याची खूण येते. बाकी काही नाही.

१३ मार्च, शुक्रवार
दु. साडेबाराला सुनावणी होती, लॅपटॉपवर. तिकडे संध्याकाळ. ह्यांनी अर्धी रजा घेतली. मी इस्त्रीची साडी नेसले, जणू तिथे साडी दिसणार होती.

पडद्यावर चौकोन. एकात निर्णय देणारे तीन साहेब, मधले पांढऱ्या केसांचे. एकात टोमा, एकात सीना आणि तिची आई. सीना बारीक झालीय. केस कापलेत. मागे घराची पत्र्याची भिंत.

साहेबांनी मलाच जास्त विचारलं. किती खसखस, किती लाडू, कुणी सांगितलं होतं द्यायला? कुणी नाही. तिला माहीत होतं का आत काय आहे? नाही. तुम्हाला कधी कळलं? सोळाला दुपारी. संघाला कधी सांगितलंत? सतराला सकाळी. मधले साहेब लिहायचे थांबले. "एवढा वेळ का?"

मी म्हटलं, "धीर झाला नाही." ह्यांनी टेबलाखालून माझा हात धरला.

"आणि खेळाडूला बाहेरचं खाणं देऊ नये, हे तुम्हाला सांगितलं होतं?"

सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी. मला ते बाहेरचं वाटलं नाही, घरचं होतं. हे कसं सांगायचं इंग्रजीत?

"मग का दिलंत?"

"ती जेवत नव्हती," मी म्हटलं.

"कारण एवढंच?"

"एवढंच."

ते तिघं आपापसात बोलायला म्हणून आवाज बंद करून बसले. ओठ हलताना दिसत होते. आम्ही बाकीचे आपापल्या चौकोनात, कुणी कुणाकडे बघेना. टोमा घाम पुसत होता. तिकडे मागे कुठेतरी कोंबडा ओरडत होता. मी सीनाच्या चौकोनाकडे बघायचं टाळत होते, पण बघितलं. ती कॅमेऱ्याच्या जवळ आली होती, अगदी जवळ, पडदाभर चेहरा.

"जेवलीस का?" ती म्हणाली.

जानेवारीनंतर माझ्याशी पहिल्यांदा बोलली. मी मान हलवली, हो म्हणून. जेवले नव्हते. सकाळपासून घास उतरला नव्हता.

तिला ते पटलं नाही बहुतेक. तशीच बघत राहिली, भुवया चढवून, जशी मी तिच्या ताटाकडे बघायचे.

मग साहेबांचा आवाज सुरू झाला. निर्णय लेखी कळवू म्हणाले. कधी ते नाही सांगितलं. एकेक चौकोन विझत गेला, तिचा सगळ्यात शेवटी.

ह्यांनी वरण-भात वाढून आणला. मी जेवायला बसले.